तपकिरी पतंगाची सही: ॲग्रोटिस इप्सिलॉन कसा ओळखावा

दिव्यापाशी बसलेला एखादा तपकिरी पतंग दाखवून कुणी विचारलं, की हा कुठला, तर मी रंगाबद्दल काही विचारत नाही. पुढच्या पंखावर काजूच्या आकाराचा जो डाग असतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला काळी पाचर ठोकल्यासारखी दिसते का, एवढंच विचारते. दिसत असेल तर अर्धं काम झालं.

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी धनादेशावरच्या सह्या जुळवण्यात. शाईवरून सही ओळखायची नसते, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. आज निळं पेन, उद्या काळं. माणूस घाईत असला की अक्षरं पसरतात, आजारी असला की थरथरतात. शेवटचा फराटा कुठून वळतो, टिंब कुठे पडतं, दोन अक्षरांत जागा किती सुटते, हे मात्र सहसा बदलत नाही. निवृत्तीनंतर पतंगांचा नाद लागला तेव्हा ही जुनी सवय इतकी कामी येईल असं वाटलं नव्हतं. तपकिरी रंग ही पतंगांची शाई आहे. तिच्यावर विसंबलात की फसलात.

मी इथे एकाच पतंगाबद्दल सांगणार आहे: ॲग्रोटिस इप्सिलॉन. त्याच्या अळीला कटवर्म किंवा रोपं कुरतडणारी अळी म्हणतात, आणि कुंडीत चार रोपं लावणाऱ्यांनी तिचा प्रताप कधी ना कधी पाहिलेला असतो. पतंग मात्र फारसा कुणी ओळखत नाही. योहान सिगफ्रीड हुफनागेल यांनी १७६६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जगाच्या बहुतेक भागांत तो सापडतो, तेव्हा तुम्ही कुठेही राहत असाल तरी त्याची गाठ पडायची शक्यता चांगली आहे. इप्सिलॉन हे ग्रीक लिपीतल्या अक्षराचं नाव. सह्या जुळवणारीला आणखी काय हवं!

आधी कुळ बघा

पतंग नॉक्टुइड कुळातला आहे की नाही हे आधी ठरवा, नाहीतर पुढचं सगळं वाया जातं. जाडसर, केसाळ वक्ष, मध्यम आकार, बसल्यावर मागचे पंख पूर्ण झाकलेले. पुढच्या पंखावर दोन डाग असतात: अंगाच्या बाजूला एक गोलसर आणि त्याच्या पलीकडे एक काजूसारखा. हे दोन डाग म्हणजे या कुळाचं ठेवणीतलं लेणं. कधी ठसठशीत, कधी पुसट, काही जातींत जवळजवळ नाहीसे. पण कुठे असायला हवेत हे ठाऊक असलं की नजर आपोआप तिथे जाते. जुन्या पुस्तकांत नॉक्टुइडी म्हणून दिलेल्या कितीतरी जाती आता एरेबिडी या वेगळ्या कुळात गेल्या आहेत, म्हणून जुनं पुस्तक आणि नवी यादी यांत मेळ बसला नाही तर गांगरून जाऊ नका. आपला इप्सिलॉन नॉक्टुइडीतच आहे.

दिवा, चादर आणि थोडं आंबलेलं

पतंग शोधत हिंडण्यापेक्षा त्याला बोलावून घेणं सोपं. जुनी पांढरी सुती चादर दोरीवर उभी टांगायची, तिच्यापुढे दिवा लावायचा. अतिनील किरण देणारा दिवा सर्वात चांगला, पण सुरुवातीला साधा पांढरा दिवाही पुरतो. अतिनील दिवा असेल तर त्याच्याकडे थेट टक लावून बघू नका.

पतंग दिव्याला चंद्र समजतात म्हणून येतात, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी किडे टिपले, तेव्हा वेगळंच दिसलं. उडणारा किडा आपली पाठ प्रकाशाकडे ठेवायला बघतो. मोकळ्या रानात प्रकाश वर आभाळात असतो, म्हणून पाठ वर राहते. दिवा जवळ आला की बिचारा त्याच्याकडे पाठ करत करत त्याच्याभोवतीच फिरत बसतो, आणि प्रकाश खालून आला तर चक्क उलटा होऊन पडतो. हे वाचल्यापासून मी दिवा जमिनीवर, वर तोंड करून ठेवत नाही. पूर्वी ठेवायचे, आणि पतंग जमिनीवर आपटून पंखांचे खवले झडवून घ्यायचे. मग त्या झडलेल्या पंखांवर मी ओळख शोधत बसायची.

रात्र निवडताना चंद्र बघा. पौर्णिमेच्या आसपास चादर ओस पडते. अवसेच्या आगेमागे, वारा पडलेला, हवा उबदार आणि आभाळ भरून आलेलं असलं तर डबे अपुरे पडतात.

दुसरी युक्ती गोडाची. काकवी किंवा गुळाचा घट्ट पाक, त्यात फार पिकलेलं केळं कुस्करून दोन दिवस आंबू द्यायचं, आणि सांजावताना झाडाच्या खोडावर डोळ्यांच्या उंचीला ब्रशने पट्टा ओढायचा. इप्सिलॉन दिव्याला येतो तसा या गोडालाही येतो. विजेरी घेऊन गेलात की पट्ट्यावर निखाऱ्यासारखे ठिपके चमकताना दिसतात. ते त्याचे डोळे. विजेरीवर लाल कागद बांधा. लाल उजेड पतंगांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते बसून राहतात.

कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाचं आमिष लावलेल्या सापळ्यात, नर मिळतात खरे, पण एका जातीच्या गंधातले घटक जवळच्या जातींतही असतात, त्यामुळे पाहुणेही येतात. "इप्सिलॉनच्या सापळ्यात सापडला म्हणजे इप्सिलॉनच" हे म्हणजे खातेदाराच्या पासबुकासोबत आला म्हणून धनादेश खरा मानण्यासारखं.

आता पंख वाचा

पतंग दिसला की घाईने फोटो काढू नका. तो कसा बसला आहे ते आधी बघून घ्या. इप्सिलॉन पंख सपाट मिटतो, एक पंख दुसऱ्यावर बराचसा चढवून, त्यामुळे वरून बघताना तो अरुंद, लांबट दिसतो. एखादी सुकलेली काटकी किंवा झाडाच्या सालीचा कपचा पडावा तसा. घराच्या छपरासारखे उतरते पंख दिसले तर शंका घ्या. मिटलेल्या पंखांसकट लांबी दोन ते अडीच सेंटिमीटर, आणि पंख पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० ते ५५ मिलिमीटर. शेजारी छोटी पट्टी ठेवून फोटो काढला तर नंतर वाद होत नाहीत.

मग पुढचा पंख. अंगापासून सुरुवात करून बाहेरच्या कडेकडे वाचत जा. पंखाचा आतला दोन तृतीयांश भाग गडद तपकिरी असतो, जवळपास एकसारखा. त्यानंतर अचानक फिकट, वेडावाकडा पट्टा लागतो. ओल्या मातीची रेघ संपून कोरडी माती सुरू व्हावी तसा हा बदल. काजूचा डाग गडद भागात, या सीमेच्या अलीकडे. आणि त्या काजूच्या बाहेरच्या कडेतून एक काळी, बारीक, टोकदार पाचर निघते, जिचं टोक पंखाच्या बाहेरच्या कडेकडे असतं. हीच ती सही.

पण एवढ्यावर थांबू नका. समोरून, म्हणजे पंखाच्या कडेच्या बाजूने, दोन छोट्या काळ्या पाचरी आत तोंड करून आलेल्या असतात. एक इकडून, दोन तिकडून, टोकं एकमेकांवर रोखलेली. भांडणाच्या तयारीत उभं राहावं तशी. तिन्ही स्वच्छ दिसल्या की मी वहीत नाव लिहिते. एकच दिसली तर नावापुढे प्रश्नचिन्ह टाकते आणि मागचा पंख बघते.

मागचा पंख बघायचा म्हणजे पतंगाला त्रास न देता पंख उघडायला लावायचा. चिमट्याने ओढू नका. झाकणाच्या पारदर्शक डबीत घालून १५-२० मिनिटं शीतकपाटात ठेवा. गारव्याने तो सुस्त होतो, मग बारीक ब्रशच्या टोकाने पुढचा पंख हळूच सरकवता येतो. बाहेर काढल्यावर काही वेळ तो पंख थरथरवत अंग तापवतो आणि मग उडतो. फोटोला तेवढा अवकाश मिळतो, त्याहून जास्त नाही. इप्सिलॉनचा मागचा पंख मळकट पांढरा ते राखाडी, थोडी मोत्यासारखी झाक असलेला, शिरा गडद रेषांनी उठून दिसणाऱ्या, कडेला तपकिरी छटा. पुढचा पंख इतका काळपट आणि मागचा इतका उजळ, हा विरोधाभास उडताना क्षणभर डोळ्यात भरतो.

नर की मादी हेही बघून ठेवा, कारण जवळच्या जातींशी तुलना करताना ते लागतं. भिंगातून मिशा बघा: नराच्या मिशांना कंगव्यासारखे दात असतात, मादीच्या साध्या दोऱ्यासारख्या. मागच्या पंखाच्या बुडाशी, पुढच्या पंखात अडकणारा एक काटा असतो, तोही सांगतो. नराला एकच जाड काटा, मादीला एकाहून जास्त बारीक. हा काटा बघायला माझी नजर आता पुरत नाही, दहापटीचं भिंग घेऊनही नातवाला हाक मारावी लागते.

कुणाशी गल्लत होते

पहिली दोन वर्षं मी "मध्यम, तपकिरी, काजू-डाग" असं दिसलं की इप्सिलॉन लिहून मोकळी होत असे. वहीत १४ नोंदी जमल्या होत्या आणि मी खुशीत होते. मग एका पावसाळी दुपारी फोटो शेजारी शेजारी लावले, सह्या लावायचे तसे, आणि ९ फोटोंत पाचरच सापडेना. लाज वाटली. समोर खातेदाराने खोटी सही केली असती तर मी लगेच पकडली असती, आणि इथे शाई बघून पैसे देऊन बसले होते.

त्या नऊपैकी बहुतेक ॲग्रोटिस सेगेटम निघाले. इप्सिलॉनचाच सख्खा भाऊ म्हणा. त्याच्या पुढच्या पंखावर गोल डाग, काजूचा डाग आणि त्यांच्या खाली एक गदेसारखा डाग, तिन्ही काळ्या कडेने रेखलेले असतात, पण काजूतून बाहेर जाणारी पाचर नसते. पंखही इप्सिलॉनपेक्षा आखूड आणि रुंद वाटतात. सेगेटमच्या नराचा मागचा पंख स्वच्छ पांढरा असतो. तो एकदा पाहिलात की विसरत नाही. मादीचा मागचा पंख करडा, आणि मी फसले ती मादीमुळेच.

दुसरा फसवणारा पेरिड्रोमा सौशिया. मागच्या पंखाला मोत्याची झाक त्यालाही असते, किंबहुना जास्त. पुढचा पंख कधी लालसर, कधी राखाडी, पण पाचर नाही. मागच्या पंखावरून निर्णय करायला गेलात तर हा हमखास चकवतो. म्हणून क्रम पाळा: आधी पाचर, मग मागचा पंख.

हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, म्हणजे घाटे अळीचा पतंग, फिकट पिवळट-तपकिरी असतो आणि मागच्या पंखाच्या कडेला रुंद गडद पट्टा असतो. एकदा तो पट्टा पाहिला की प्रश्न मिटतो. स्पोडोप्टेरा लिट्युराच्या पुढच्या पंखावर फिकट रेघांचं जाळं असतं, कुणी तरी खडूने गिरगटल्यासारखं. त्याची गल्लत फक्त अगदी घाईतच होते.

आणि मग झडलेले पतंग. खवले गेले की पाचर पुसट होते, सीमा विरघळते, पंखांच्या कडा फाटतात. अशा वेळी मी बसण्याची ठेवण, पंखाचा लांबटपणा आणि मागचा पंख यांवरून "ॲग्रोटिस, जात अनिश्चित" इतकंच लिहिते. काही नमुने जननांग तपासल्याशिवाय सुटत नाहीत आणि ते काम सूक्ष्मदर्शकाखाली करणाऱ्यांचं. सही जुळली नाही तर धनादेश परत करायचा, त्यात कमीपणा नाही.

सवयी, आणि किल्ल्यांचा जुडगा

दिवसा हा पतंग दिसत नाही. ढेकळांखाली, पाल्यापाचोळ्यात, कुंडीच्या बुडाखाली दडून असतो. कुंडी उचलताना अचानक फडफडून पुढच्या कुंडीखाली शिरणारा काळपट पतंग दिसला तर त्याचा पाठलाग करू नका, ती कुंडी नीट लक्षात ठेवा आणि अंधार पडल्यावर या.

एक प्रयोग आवर्जून करा. पतंग चादरीभोवती उडत असताना किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवा. बऱ्याचदा तो एकदम गिरकी घेतो किंवा दगडासारखा खाली पडतो. किल्ल्यांच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वरही असतात, आणि वटवाघळं शिकार शोधताना तसेच स्वर काढतात. नॉक्टुइड पतंगांचे कान डोक्यावर नसतात; वक्षाच्या मागच्या टोकाला, पोट सुरू होतं तिथल्या खोबणीत, दोन्ही बाजूंना असतात. प्रत्येक कानात ऐकणाऱ्या पेशी फक्त दोन. केनेथ रोडर यांनी गेल्या शतकात या दोन पेशींचे संकेत मोजून दाखवलं, की वटवाघूळ लांब असेल तर पतंग दुसऱ्या दिशेला वळून निघून जातो, अगदी जवळ आलं की वेडंवाकडं कोसळतो. दोन पेशींत एवढा हिशेब.

त्याहून मला आवडते ती त्या कानातल्या गोचिडीची, म्हणजे खरं तर माइटची, गोष्ट. डिक्रोकेलिस नावाचा एक बारीक माइट नॉक्टुइडांच्या कानात बिऱ्हाड करतो आणि तो कान निकामी करतो. पण नंतर चढणारे माइट त्याच कानात जातात, दुसऱ्याला हात लावत नाहीत. दोन्ही कान गेले तर पतंग वटवाघळाच्या तोंडी जाणार आणि त्याच्याबरोबर भाडेकरूही. ॲशर ट्रीट यांनी हे शोधून काढलं. तुमच्या पतंगाच्या एका बाजूच्या खोबणीत पांढुरके दाणे दिसले तर भिंग लावून जरूर बघा.

आणखी एक सवय लक्षात ठेवण्यासारखी: हा पतंग लांबचा प्रवासी आहे. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे तो तग धरत नाही. दर वसंतात उबदार भागांतून वाऱ्याच्या साथीने पुन्हा येतो. अमेरिकेत दक्षिणेकडे खूण करून सोडलेले पतंग हजार किलोमीटरहून अधिक उत्तरेला, आयोवा राज्यात, सापडले आहेत. म्हणून आठवडाभर एकही नाही आणि एका रात्री चादरीवर सात-आठ, असं झालं तर आपल्या बागेतच उपजले असं धरून चालू नका. वाऱ्याची दिशा लिहून ठेवा.

आळ उंदरावर, निघाली अळी

माझी या पतंगाशी खरी ओळख मात्र दिव्यापाशी झाली नाही. गच्चीवर टोमॅटोची रोपं लावली होती, वीतभर वाढलेली. एका सकाळी तीन रोपं जमिनीलगत कापून आडवी पडलेली. कात्रीने कापावी तसा छेद. ह्यांनी उंदरावर आळ घेतला, पिंजरा आणला. दुसऱ्या सकाळी आणखी दोन रोपं गेली, पिंजरा रिकामा. एका रोपाचा शेंडा तर मातीत अर्धा ओढून नेलेला.

असा छेद दिसला की कापलेल्या रोपाभोवतीची माती बोटांनी हळूच उकरा, दोन-तीन सेंटिमीटर खोल, वीतभर घेरात. मला तिथे ती मिळाली: बोटाच्या दोन पेरांएवढी, राखाडी-काळी, तेलकट चमकणारी, हात लागताच गुंडाळी होऊन पडलेली. भिंगातून कातडीवर खरखरीत बारीक दाणे दिसतात. पाठीवर ठळक पट्टा नसतो. पाठीच्या मधोमध पिवळट ठिपक्यांची ओळ दिसली तर ती बहुधा पेरिड्रोमा सौशियाची अळी.

तिचं वागणं वयाप्रमाणे बदलतं. मादी १२०० ते १९०० अंडी घालते, बुटक्या रुंद पानांच्या तणावर जास्त आवडीने. उघड्या मातीवर घालत नाही. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, आधी पांढरं, मग तपकिरी, वरून खाली नाजूक कंगोरे असलेलं. तीन ते सहा दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती पानावरच राहते आणि बारीक भोकं पाडते, तेव्हा कुणाचं लक्षही जात नाही. चौथ्या अवस्थेपासून, म्हणजे तिसऱ्यांदा कात टाकल्यावर, तिला उजेड नकोसा होतो. दिवसा मातीत, रात्री बाहेर, आणि मग खोडच कापायची खोड लागते. आयुष्यभरात ती साधारण ४०० चौरस सेंटिमीटर पान खाते, त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त शेवटच्या अवस्थेत. म्हणजे रोपं पडायला लागतात तेव्हा तिचं बालपण आपल्या डोळ्यांदेखत सरलेलं असतं, आपण तणाकडे बघितलेलं नसतं एवढंच. लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी तण काढून टाकणं आणि प्रत्येक रोपाभोवती पुठ्ठ्याची नळी दोन बोटं मातीत खुपसून उभी करणं, हे दोन उपाय मला पुरले. रात्री विजेरी घेऊन वेचणं हा तिसरा, पण त्यात मी अळ्या मारण्याऐवजी बघत बसते.

पतंगाची जात पक्की करायची असेल तर अळी पाळण्यासारखा खात्रीचा मार्ग नाही. झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या बरणीत १० सेंटिमीटर ओलसर, पण चिकट नसलेली माती भरा. एका बरणीत एकच अळी. मी पहिल्यांदा दोन ठेवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी एक उरली, चांगली गुबगुबीत. या अळ्या एकमेकींना खातात हे तेव्हा कळलं. रोज संध्याकाळी ताजं पान टाका, सकाळी उरलेलं काढा, नाहीतर बुरशी धरते. खाणं थांबलं आणि अळी वर येईनाशी झाली की ती कोषात गेली असं समजा आणि उकरायचा मोह आवरा. मोकळ्या जमिनीत कोष ३ ते १२ सेंटिमीटर खोल असतो, गडद तपकिरी, १७ ते २२ मिलिमीटर लांब. मातीवर अधूनमधून पाण्याचा हलका फवारा मारा आणि एक खरबरीत काडी तिरकी खोचून ठेवा. १२ ते २० दिवसांनी पतंग मातीतून वर येतो आणि त्याच काडीवर चढून पंख पसरतो. काडी नसेल तर पंख चुरगळलेले राहतात. माझा पहिला पतंग तसा गेला.

कधी पतंगाऐवजी बरणीत केसाळ, राखाडी माशी गुणगुणताना दिसेल. बरणी चुकली नाही. टॅकिनिड कुळातली माशी अळीच्या अंगात आधीच वाढत होती. तिचीही नोंद करा.

माझ्या बरणीतून चौथ्या प्रयत्नात निघालेला पतंग काडीवर बसला होता तेव्हा पंख अजून ओले होते. त्यावर तीन पाचरी, नुकतं पेन टेकवल्यासारख्या काळ्याभोर. दोन वर्षं चादरीवर शोधत होते तो आणि रोपं कापणारा चोर, दोघे एकच.

वही आणि सकाळ

वहीत तारीख, वेळ, चंद्र, वारा, दिवा कोणता, नर की मादी, एवढं असावंच. माझ्या वहीत शेवटी "का" नावाचा रकाना आहे. नाव कशावरून लिहिलं ते त्यात येतं: "तिन्ही पाचरी", किंवा "एक पाचर, मागचा पंख पाहिला", किंवा "पाळून". हा रकाना रिकामा असेल तर नाव खोडते. त्या नऊ नोंदी अशाच खोडल्या, पानं फाडली नाहीत.

दिवा रात्रभर लावून ठेवू नका. पक्ष्यांना चादर एकदा कळली की ते पहाटे वाढलेलं ताट समजून येतात, आणि दोन-तीन दिवसांत सवय लागते. झोपण्याआधी दिवा बंद करा. डबीतले पतंग चादरीपासून लांब, दाट पाल्याखाली सोडा. रोपांपासून लांब, हे सांगायला नकोच. आणि चादर झटकण्याआधी तिची अंधारातली मागची बाजू विजेरीने बघा. माझ्या वहीतल्या सर्वात स्वच्छ दोन इप्सिलॉन-माद्या दिव्यापाशी आल्याच नव्हत्या, मागे कापडाच्या घडीत पंखावर पंख चढवून बसल्या होत्या.